नव्या कातडीची निगा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलावे. कामगार चळवळीतल्या माणसाने बोलायचे ते कायद्यावर आणि पगारावर, असा एक समज आहे. आम्ही त्यांना विषय बदलून मागितला. भाजून बऱ्या झालेल्या माणसाच्या कातडीची निगा कशी राखावी, यावर बोलतो, असे म्हटले. चालक जरा चपापले. "हा डॉक्टरांचा विषय नव्हे काय?" असे त्यांनी विचारले, आणि त्यांचे विचारणे रास्तच होते.

आमचे उत्तर असे की, जखम असते तोवर हा विषय डॉक्टरांचा असतो. जखम मिटली की रोगी घरी येतो, आणि पुढची दीड-दोन वर्षे त्याच्या उशाशी डॉक्टर नसतो. तेथे आई असते, बायको असते, नणंद असते, शेजारी असतो आणि कधीकधी युनियनचा माणूस असतो. त्या काळात काय करायचे हे या मंडळींना ठाऊक नसेल, तर इस्पितळाने वाचवलेला हात घरी येऊन वाया जातो. तो कसा वाया जातो हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यात आमचाही दोष आहे. म्हणून हा विषय.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण अपुरे राहिले. जे शिकलो ते इस्पितळाच्या वऱ्हांड्यात थांबून, परिचारिकांना आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट भगिनींना प्रश्न विचारून आणि रात्री शब्दकोश उशाला घेऊन वाचून. तेव्हा आम्ही सांगतो त्याहून वेगळे तुमच्या डॉक्टरांनी सांगितले, तर त्यांचेच ऐकावे, हे आधीच सांगून ठेवतो.

एका कागदाची गोष्ट

कोल्हापूर परिसरातल्या ओतशाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. लोखंडाचा रस ओततात तेव्हा तो सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. साचा किंवा पळी जराशी ओली राहिली, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस चहूकडे उडतो. आमच्या एका सभासदाच्या उजव्या हातावर असाच रस उडाला. काखेपासून मनगटापर्यंत हात भाजला. दीड महिना तो इस्पितळात होता. मांडीची कातडी काढून हातावर बसवली. तो घरी आला तेव्हा आळीतल्या बायकांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि वाचला रे बाबा म्हणून सर्वांनी सुस्कारा सोडला.

आम्ही त्याच्या भरपाईचा दावा हाती घेतला. इस्पितळातून सुटताना मिळालेला कागद दाव्याला लागणार म्हणून आम्ही तो मागून घेतला आणि फायलीत लावला. आठ महिने खेपा घातल्या. रक्कम मंजूर झाली. सही करायला तो कचेरीत आला, तेव्हा त्याचा उजवा हात छातीशी दुमडलेला होता, आणि तो टेबलावर येईना. आम्ही म्हटले, "अरे, हात सरळ कर की." तो म्हणाला, "होईना अण्णा. दुखायचं म्हणून जवळ धरून बसलो, आता उलगडतच नाही." त्याने डाव्या हाताने कशीबशी सही केली.

तो गेल्यावर आम्ही फाईल बंद करायला घेतली आणि तो कागद उलटा झाला. पाठीमागे मराठीत, आकृत्या काढून, रोज करावयाचे व्यायाम लिहिलेले होते. हात खांद्याच्या रेषेत पसरून ठेवा, कोपर सरळ ठेवा, दिवसातून अनेक वेळा हलवा. पुढच्या बाजूला भाजल्याचे टक्के होते. ते आम्ही पाठ केले होते. मागची बाजू आम्ही वाचलीच नव्हती, आणि ज्याच्यासाठी ती लिहिली होती त्याच्याकडे तो कागद आठ महिने नव्हता.

पुढे त्याच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. कोपर बराचसा मोकळा झाला, काख थोडी मोकळी झाली, पण पळी काही त्याच्या हाती पुन्हा आली नाही. तो आता पहारेकऱ्याचे काम करतो. आज आम्ही जे बोलणार आहोत ते त्या कागदाच्या मागच्या बाजूचे आहे.

कातडी म्हणजे काय

कातडी हे अंगावर घातलेले पांघरूण आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक ती हृदय किंवा यकृत यांच्यासारखाच एक अवयव आहे, आणि शरीरातला सर्वांत मोठा अवयव आहे. मोठ्या माणसाची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तिचे मुख्य थर दोन. वरचा थर बहुतेक ठिकाणी कागदासारखा पातळ. तो सतत झिजतो आणि सतत नवा होतो. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन झडून जाण्यास साधारण चार आठवडे लागतात. रंग देणाऱ्या पेशी याच थराच्या तळाशी असतात.

खालचा थर जाड. त्यात कोलॅजन नावाच्या धाग्यांचे दाट विणकाम असते. रक्तवाहिन्या, स्पर्श कळवणारे मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी, तेलाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे तेथेच असतात. कातडी मऊ राहते ती तेलाच्या ग्रंथींमुळे, अंग थंड राहते ते घामामुळे, आणि कातडी ताणली जाते व पुन्हा जागेवर येते ती या विणकामामुळे.

भाजण्याची खोली मोजायची ती या थरांवरून. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. म्हणजे सगळे भाजणे सारखे नसते हे ज्ञान फार जुने आहे. फक्त वरचा थर पोळला तर आठवड्याभरात कातडी पूर्ववत् होते. खालच्या थराचा वरचा भाग भाजला तर फोड येतात; पण केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असल्यामुळे त्यांतल्या पेशी पसरून दोन ते तीन आठवड्यांत जखम झाकतात. त्याहून खोल भाजले तर ही मुळेच जळून जातात. मग नवी कातडी यायची ती फक्त कडेने, आणि त्याला फार काळ लागतो. म्हणून तेथे दुसऱ्या जागची कातडी काढून बसवावी लागते.

यातून एक उपयोगी खूण मिळते. तीन आठवड्यांच्या आत मिटलेल्या जखमेचा वण सहसा सौम्य राहतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळलेल्या जखमेचा वण जाड होण्याचा धोका बराच वाढतो. अशा माणसाला निगेची गरज सर्वांत अधिक.

मिटलेली जखम वाढते का?

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण येथेच बहुतेक घरे फसतात. इस्पितळातून येताना नवी कातडी पुष्कळदा सपाट असते. घरच्यांना वाटते, छान झाले. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती लाल होते, उचलून येते, दोरखंडासारखी कडक होते आणि भयंकर खाजते. घरचे म्हणतात, औषध बाधले, किंवा काहीतरी खाण्यात आले. वस्तुतः तसे काही नसते.

होते ते असे. जखम बुजवताना शरीर घाईत असते. ते भराभर कोलॅजनचे धागे टाकते, आणि त्यांना रक्त पुरवण्यासाठी पुष्कळ बारीक रक्तवाहिन्या काढते. म्हणून वण लाल. निरोगी कातडीत धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वणात ते दाटीवाटीने एका दिशेला पडतात. म्हणून वण कडक. शिवाय जखमेच्या कडा ओढून जवळ आणणाऱ्या पेशी तेथे काम करीत असतात, आणि जखम मिटल्यावरही त्या ओढतच राहतात. म्हणून वण आखडतो. पुढे शरीर सवडीने जुने धागे काढते, नवे नीट बसवते, जादा रक्तवाहिन्या बंद करते. मग वण फिकट, मऊ आणि सपाट होत जातो. या दुरुस्तीला एक ते दोन वर्षे लागतात. पूर्ण पिकलेल्या वणालाही मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्केच मजबुती येते.

याचा अर्थ असा की, जखम मिटण्याच्या दिवशी काम संपत नाही. त्या दिवशी निम्मे काम सुरू होते. वण लाल आणि कडक आहे तोवर तो कच्चा आहे, आणि कच्चा आहे तोवर त्याला वळण लावता येते. एकदा तो आखडून पिकला की मग सुरी लागते.

धुणे, तेल आणि मालिश

नव्या कातडीत तेलाच्या ग्रंथी थोड्या असतात किंवा नसतातच. म्हणून ती कोरडी पडते, तडकते आणि खाजते. तिला जे तेल आतून मिळत नाही ते बाहेरून द्यायचे, एवढेच यामागचे तत्त्व.

रोज कोमट पाण्याने आणि सौम्य, बिनवासाच्या साबणाने ती जागा हलकेच धुवावी. आदल्या दिवशीचे मलम पूर्ण निघाले पाहिजे, नाहीतर त्याचे थर साचतात. घासणी किंवा दगड लावू नये. मऊ पंचाने टिपून घ्यावे, रगडू नये. मग बिनवासाचे साधे मलम, व्हॅसलिन किंवा स्वच्छ खोबरेल लावावे. पहिल्यांदा थोड्या जागेवर लावून दिवसभर पाहावे. पुरळ आले तर दुसरे घ्यावे. दिवसातून तीन-चार वेळा तरी लावावे, आणि कातडी कोरडी वाटली तर अधिक वेळा. जेथे जखम अजून उघडी आहे तेथे मात्र यांपैकी काहीही लावायचे नाही. तेथे फक्त डॉक्टरांनी दिलेले औषध.

येथे एक इशारा. व्हॅसलिनसारखी मलमे आणि तेले कपड्यांत मुरतात, आणि असा कपडा ठिणगीने चटकन पेटतो. मलम लावून लगेच चुलीपुढे बसू नये, विडी ओढू नये. तेलकट झालेले कपडे आणि चादरी वरचेवर धुवाव्यात. पण एका धुण्यात ते सगळे निघून जाते असे समजू नये.

मालिश कधी सुरू करायचे हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतात. कातडी पूर्ण मिटून दाब सोसू लागल्यावरच. तेल लावून बोटाच्या पेरांनी वणावर दाब द्यावा, इतका की लाल वण क्षणभर पांढरा पडावा. मग बोटे वणावरून घसरू न देता कातडीसकट गोल फिरवावी. एका वेळी पाच ते दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. वर घासले तर फोड येतात. खालचे धागे हलले तर वण मऊ होतो. फोड आलाच तर त्या जागी मालिश थांबवावे.

खाज, फोड, ऊन

वणाच्या खाजेची कल्पना न भाजलेल्या माणसाला येत नाही. रात्रीची झोप उडते. पहिले काही महिने ती जोरात असते आणि मग कमी होत जाते. नखे बारीक कापावीत. खाजवण्याऐवजी तळव्याने थापटावे, गार ओला पंचा ठेवावा, वर मलम लावावे. कपडे सुती आणि सैल घालावेत. एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर गोळ्या देतात. मागून घ्यायला लाजू नये. "खाज आली म्हणजे बरे होत आहे, सोसावे" हे म्हणणे अर्धेच खरे आहे. खाज येते हे खरे. सोसलेच पाहिजे हे खरे नव्हे.

नव्या कातडीचा वरचा थर खालच्या थराला अजून नीट चिकटलेला नसतो. कपड्याची शिवण घासली तरी फोड येतो. लहान फोड फोडू नये. स्वच्छ पट्टीने झाकावा आणि घासणारा कपडा बदलावा. फुटला तर धुऊन झाकावा. फोड आला म्हणून व्यायाम पूर्ण बंद करू नये.

ऊन हा नव्या कातडीचा शत्रू. कच्च्या वणावर ऊन पडले की तो काळा पडतो, आणि तो डाग पुढे राहू शकतो. निदान एक ते दोन वर्षे ती जागा झाकावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, छत्री, पदर हे पहिले उपाय. उघड्या राहणाऱ्या जागेवर ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. रंगाविषयी धीर धरावा. पहिल्या वर्षात रंग अनेकदा बदलतो. खोल भाजलेल्या जागी रंगाच्या पेशीच जळालेल्या असतात, म्हणून काही जागा पांढऱ्या राहतात. ते कोड नव्हे, आणि ते कोणाला लागत नाही.

आणखी दोन गोष्टी कारखान्यात जाणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. बसवलेल्या कातडीला घाम येत नाही. मोठा भाग भाजलेल्या माणसाचे अंग उन्हात किंवा भट्टीजवळ लवकर तापते. त्याला चक्कर येते. तो कामचुकार नव्हे. त्याचे शरीर थंड होण्याचे साधन जळाले आहे. दुसरे असे की, वणावर स्पर्श आणि उष्णता कमी कळते. अशा हाताने पाणी पाहिले तर पोळणारे पाणी कोमट वाटते. पाणी नेहमी न भाजलेल्या हाताने पाहावे.

दाबाचे कपडे आणि हातापायांची ठेवण

वण जाड होण्याचा धोका असेल तर मापाचे घट्ट कपडे देतात. त्यांना प्रेशर गारमेंट म्हणतात. सततच्या दाबाने वणातला रक्तपुरवठा कमी होतो आणि वण सपाट राहण्यास मदत होते. हे कपडे दिवसाचे सुमारे २३ तास घालायचे असतात. स्नान आणि मालिश यांपुरतेच काढायचे. वण पिकेपर्यंत, म्हणजे अनेकदा वर्षभर किंवा अधिक. त्यांचा ताण दोन-तीन महिन्यांत सैल पडतो, तेव्हा नवे माप द्यावे लागते. दोन जोड असावेत, एक अंगावर आणि एक वाळत. कोल्हापूर-सोलापूरच्या उन्हाळ्यात हे किती कठीण आहे ते आम्ही जाणतो. कोणी कंटाळून कपडा खुंटीला टांगला, तर त्याला रागावण्याऐवजी तो कोठे टोचतो ते विचारावे आणि कपडा दुरुस्त करून आणावा. बोटे निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर कपडा फार घट्ट आहे. लहान वणांवर सिलिकॉनची पट्टी ठेवतात. ती दिवसाचे १२ तास किंवा अधिक, काही महिने ठेवावी लागते. पट्टी आणि तिच्याखालची कातडी दोन्ही रोज धुवावीत.

पण सर्वांत मोलाची गोष्ट बिनपैशाची आहे. भाजलेला अवयव ज्या स्थितीत ठेवल्याने बरे वाटते, त्याच स्थितीत तो आखडतो. आमच्या सभासदाने हात छातीशी धरला, तो तेथेच राहिला. म्हणून आरामाच्या उलट दिशेला ठेवण हवी. मान पुढून भाजली असेल तर उशी काढून घ्यावी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास खांद्याखाली घडी ठेवावी, म्हणजे हनुवटी वर राहते. काख भाजली असेल तर हात अंगापासून दूर, खांद्याच्या रेषेत पसरून ठेवावा. कोपर आणि गुडघा सरळ. गुडघ्यामागे भाजले असेल तर गुडघ्याखाली उशी नको. हाताची बोटे भाजली असतील तर इस्पितळाने दिलेला साचा रात्री बांधावाच. आणि दिवसा हालचाल: वण ताणला जाईल, पांढरा पडेल, पण फाटणार नाही इतकी. दिवसातून एकदाच तासभर हाल करण्यापेक्षा दर दोन तासांनी पाच मिनिटे करणे बरे. वेणी घालणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, कणीक मळणे हेही व्यायामच आहेत.

आमच्या दुसऱ्या एका सभासदाच्या घरी पाण्याचा तापलेला बंब उलटला आणि त्याच्या पत्नीची मान व छाती भाजली. या वेळी आम्ही कागदाची मागची बाजू आधी वाचली, तिच्या तीन नकला काढल्या आणि एक चुलीजवळच्या भिंतीला चिकटवली. तिच्या सासूबाईंनी रात्रीची उशी स्वतः काढून घेतली. नणंद दिवसातून चार वेळा मालिश करी. ती बाई रडे, म्हणे, "वन्सं, आज राहू दे की." नणंद म्हणे, "वहिनी, तुम्ही मला शिव्या द्या, पण मान वर करा." पावणेदोन वर्षे हे चालले. वण आहे, पण ती मान वर करून देव्हाऱ्यावरच्या फळीवरचा डबा काढते. पहिल्या घरात माया कमी होती असे नव्हे. माहिती नव्हती, आणि ती आमच्या फायलीत होती.

खाणे आणि समजुती

भाजलेल्या माणसाला आंबट देऊ नये, अंडे देऊ नये, डाळीने पू होतो, अशा समजुती घरोघर आहेत. खरी गोष्ट उलट आहे. नवी कातडी विणायला प्रथिने लागतात; डाळ, दूध, दही, शेंगदाणे, अंडी, मासे, मटण, ज्याच्या घरी जे चालते ते भरपूर द्यावे. धागे पक्के व्हायला 'क' जीवनसत्त्व लागते. ते आवळा, पेरू, लिंबू यांत असते, म्हणजे आपण वर्ज्य केलेल्या आंबटातच. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून आहार ठरवावा. विडी, सिगारेट आणि तंबाखू यांनी रक्तपुरवठा घटतो व जखम रेंगाळते.

आणि कोणी नुकतेच भाजले, तर शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही नको. वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावे. भाजल्यावर तीन तासांच्या आत केले तरी त्याचा उपयोग होतो. बांगड्या, अंगठ्या काढाव्यात, स्वच्छ कापडाने झाकावे आणि इस्पितळ गाठावे. भाजण्याची खोली जितकी कमी राहील, तितके पुढचे सगळे सोपे होते.

जागा पुन्हा गरम व अधिक लाल झाली, पू आला, वास आला, ताप आला, तर लगेच दाखवावे. सांधा दिवसेंदिवस कमी हलू लागला तरी थांबू नये. आणखी एक: जुन्या, कित्येक वर्षांच्या वणात एखादी चीर पडून ती भरेना, तर ती साधी समजू नये. क्वचित् तेथे कर्करोग होतो. तुकडा काढून तपासणी करून घ्यावी.

हे काम कोणाचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांतल्या कारखान्यात भाजलेल्याला काही आधार आहे. १९२३ चा भरपाईचा कायदा आणि १९४८ चा राज्य विमा कायदा यांनी जे हक्क दिले, त्यांची जागा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. आमचे सांगणे एवढेच की, दावा लावताना जखम मिटल्याची तारीख ही बरे झाल्याची तारीख धरू देऊ नका. व्यायामाला जाण्याचे दिवस, दाबाचे कपडे, पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया हे सर्व त्या अपघाताचेच आहे. कामावर परतणाऱ्याला काही महिने भट्टीपासून दूरचे काम मागून घ्या.

पण स्वयंपाकघरात भाजलेल्या बाईला ना निरीक्षक, ना भत्ता, ना हलके काम. ती घरी आली की तिसऱ्या दिवशी चुलीपुढे उभी असते. आगीपुढे बसवलेल्या नव्या कातडीचे काय होते ते आता आपण ऐकलेच आहे. तिची रजा कायदा देणार नाही. ती घराने द्यायची आहे.

नवी कातडी बसवणे ही विद्याही काही फक्त मोठ्या दवाखान्यांतून आलेली नाही. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापली गेली. इंग्रजी फौजेतल्या एका बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. कपाळाची कातडी फिरवून ते नवे केले, आणि करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता. ती हकीकत वाचून युरोपातले शल्यवैद्य कामाला लागले. कष्टकऱ्याच्या बोटांत केवढे ज्ञान असू शकते याचा हा पुरावा आम्ही नेहमी देतो.

आज मृत्यूनंतर कातडीचे दानही करता येते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय किंवा पाठ येथून कातडीचा पातळ पापुद्रा घेतात. देह विद्रूप होत नाही, आणि रक्तगट जुळावा लागत नाही. ती कातडी दुसऱ्याच्या अंगावर कायम टिकत नाही, पण फार भाजलेल्या माणसाला जगण्यापुरते झाकण देते.

शेवटी एक विनंती. भाजलेली व्यक्ती प्रथम घराबाहेर पडते तेव्हा तिला सर्वांत जास्त भीती वणाची नसते, आपल्या नजरेची असते. पोरांनी विचारले तर "भाजलं होतं, आता बरं आहे" एवढे सांगावे आणि नेहमीचे बोलावे. चहाला बोलवावे. हळदीकुंकवाला बोलवावे. आणि तिच्या घरी गेलात, तर इस्पितळाचा कागद मागून घ्यावा, उलटून पाहावा आणि मागची बाजू मोठ्याने वाचून दाखवावी. वाचून झाल्यावर तो तेथेच ठेवून यावा.